नवा दांत आणि जुनें शरीर

दंतवैद्याच्या खोलींतील एक प्रसंग कल्पावा. आषाढाचे दिवस आहेत. बाहेर पाऊस आहे. साठी उलटून गेलेल्या एक आजी खुर्चीवर बसल्या आहेत. खालच्या जबड्यांतील दोन दाढा जाऊन पांच वर्षें झालीं. कवळी टोंचते, भाकरीचा तुकडा चावतां येत नाहीं, म्हणून सूनबाईनें त्यांना येथें आणलें आहे. दंतवैद्य विचारतात, "आजी, रोजचीं औषधें कोणतीं चालू आहेत?" आजी सांगतात, "रक्तदाबाची एक गोळी सकाळीं, आणि साखरेची दोन वेळां. बाकी कांहीं नाहीं हो." दंतवैद्य तेवढें लिहून घेतात. उत्तर खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. दर रविवारीं सकाळीं उपाशीपोटीं, पेलाभर पाण्याबरोबर, आजी आणखी एक गोळी घेतात आणि मग अर्धा तास आडव्या होत नाहींत. ती गोळी हाडांच्या ठिसूळपणावरची. ती रोजची नव्हे, म्हणून विचारलेल्या प्रश्नांत ती बसली नाहीं.

दांताचा आणि हाडाच्या गोळीचा संबंध काय, असा प्रश्न श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या मनांत उभा राहील. कृत्रिम दांत बसविणें म्हणजे भिंतींत खुंटी ठोकण्यासारखें काम, अशी सर्वसाधारण समजूत असते. खुंटी चांगली आणि ठोकणारा कुशल, कीं काम झालें! ह्या समजुतीमुळेंच दंतरोपण करून घेणारे लोक धातूचा स्क्रू कोणत्या देशचा, त्याची किंमत काय, हमी किती वर्षांची, ह्याची कसून चौकशी करतात. आणि तो स्क्रू ज्या शरीरांत जावयाचा, त्या शरीराची चौकशी मात्र राहून जाते. भिंत निर्जीव असते. जबड्याचें हाड जिवंत आहे. तें स्वतः वाढून स्क्रूला धरतें, आणि तें धरील कीं नाहीं हें त्याला रक्त, प्राणवायु व पोषण पुरविणाऱ्या सबंध शरीरावर अवलंबून असतें.

ही गोष्ट प्रथम ध्यानांत आली ती दांतांच्या संबंधांत नव्हेच. १९५२ सालीं स्वीडनमधील लुंड येथें पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडांत टायटेनियम धातूचें एक लहानसें उपकरण बसवून, त्यांतून सूक्ष्मदर्शकानें हाडांतील रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर तें उपकरण काढून घेऊं लागले, तों तें निघेना. हाड धातूला इतकें भिडून वाढलें होतें कीं दोघांच्या मध्यें फट म्हणून उरली नव्हती. दुसरा एखादा मनुष्य उपकरण वाया गेलें म्हणून हळहळला असता; ब्रोनेमार्कनीं ह्या न निघण्याचाच पाठपुरावा केला. १९६५ सालीं गोथेनबर्ग येथें त्यांनीं गोस्टा लार्सन ह्या गृहस्थांच्या खालच्या जबड्यांत टायटेनियमचे चार स्क्रू बसविले. लार्सन तेव्हां ३४ वर्षांचे होते. त्यांच्या जबड्यांत जन्मापासून व्यंग होतें आणि खालीं एकहि दांत नव्हता. दंतवैद्यांच्या जगाला हा प्रकार पटावयास पुष्कळ वर्षें लागलीं. १९८२ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें भरलेल्या परिषदेनंतरच त्याला सर्वत्र मान्यता मिळाली. लार्सन २००६ सालीं वारले, आणि त्यांचे ते स्क्रू चाळीस वर्षें उलटल्यावरहि जागेवर होते.

आज निरोगी माणसाच्या जबड्यांत कुशल हातांनीं बसविलेल्या १०० स्क्रूंपैकीं ९० ते ९५ दहा वर्षांनंतरहि काम देत असतात. औषधशास्त्रांत इतका भरंवसा देणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत. प्रश्न उरतो तो बाकीच्या पांच-दहांचा. आणि ते कोणाच्या तोंडांतले असतात, ह्याचा शोध घेऊं लागलें कीं माणसाच्या प्रकृतीकडे वळावें लागतें.

त्यासाठीं हाडांत काय घडतें तें थोडें पाहिलें पाहिजे. स्क्रू घातला त्या दिवशीं तो जुन्या हाडांत केवळ पिळाच्या जोरावर बसलेला असतो. पुढचे कांहीं आठवडे तेथें जें चालतें तें जुन्या वाड्याच्या दुरुस्तीसारखें असतें. छिद्र पाडतांना दुखावलेलें हाड आधीं खरवडून काढावें लागतें आणि मग त्या जागीं नवें बांधावें लागतें. खरवडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. पाडकाम पुढें आणि बांधकाम मागें, असा क्रम असल्यामुळें तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास स्क्रूची पकड पहिल्या दिवसापेक्षांहि सैल झालेली असते. आणि गंमत अशी कीं, दुखणें थांबल्यामुळें नेमकें ह्याच वेळीं रोग्याला सर्व आटोपलें असें वाटूं लागतें, आणि तो त्या बाजूनें चणे-शेंगदाणे खाऊन पाहतो. त्यानंतर नवें हाड हळूहळू पकड घेऊं लागतें. ब्रोनेमार्कच्या मूळ पद्धतींत म्हणून खालच्या जबड्याला तीन महिने, आणि वरच्या जबड्याचें हाड विरळ असल्यामुळें त्याला सहा महिने स्वस्थता देऊन मगच वर दांत चढवीत. अलीकडे निवडक रोग्यांना पहिल्याच दिवशीं तात्पुरता दांत लावतात. तथापि हाडाला जो वेळ लागावयाचा तो त्यामुळें कमी होत नाहीं.

ह्या कामांत दंतवैद्याचा वाटा लहान नाहीं. हाड कोरतांना तें तापतें. तपमान ४७ अंशांवर एक मिनिटभर राहिलें तरी हाडाच्या पेशी मरूं लागतात, म्हणून सतत थंड पाणी सोडीत कोरावें लागतें. परंतु तो उठून हात धुतो तेव्हां त्याचें काम संपतें, आणि शरीराचें सुरू होतें. पाडणारे आणि बांधणारे हे मजूर आणि त्यांचें सामान, सर्व रक्तावाटे येतें. वाट अरुंद झाली किंवा मजूर आजारी पडले, कीं बांधकाम रखडतें.

ही वाट अडविणाऱ्यांत आपल्याकडे पहिला मान मधुमेहाला द्यावा लागेल. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणें भारतांत १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या पुष्कळांचे दांतहि लौकर पडतात, म्हणजे दंतरोपणासाठीं येणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी असणार हें उघडच आहे. रक्तांत साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली कीं ती शरीरांतील प्रथिनांना जाऊन चिकटते. हाडाचा सांगाडा ज्या तंतूंचा, ते कोलॅजेनचे तंतु तिच्यामुळें ताठर होतात. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. आणि जंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. तेव्हां जखम उशिरां भरते, ती पिकण्याचा धोका वाढतो, आणि हाड बांधणाऱ्या पेशी आपलें काम अर्धवट टाकतात.

परंतु येथें एक भेद केला पाहिजे, आणि तो न केल्यामुळें अनेकांना विनाकारण निराश व्हावें लागतें. मधुमेह असणें ही एक गोष्ट, आणि मधुमेह मोकाट असणें ही दुसरी. ज्यांची साखर आटोक्यांत आहे त्यांच्या जबड्यांत हे स्क्रू जवळजवळ निरोग्यांइतकेच टिकतात, असा आजवरच्या पाहण्यांचा कौल आहे. आटोक्यांत आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं एका दिवसाची तपासणी पुरत नाहीं. तपासणीच्या आदल्या दोन दिवशीं गोड वर्ज्य करून आणि सकाळीं टेकडी चढून येऊन आंकडा चांगला आणणारे गृहस्थ प्रत्येक आळींत असतात! म्हणून रक्तांतील तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजतात. ह्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात, त्यामुळें त्या मागल्या दोन-तीन महिन्यांची साक्ष देतात आणि दोन दिवसांच्या पथ्यानें त्यांना फसवितां येत नाहीं. ‘एचबीए१सी’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ह्या तपासणीचा आंकडा ७ च्या आसपास असला तर दंतवैद्य निर्धास्तपणें पुढें जातो; ८ च्या वर गेला तर बहुतेक जण थांबावयास सांगतात. हें थांबणें म्हणजे नकार नव्हे. दांत गेले म्हणून कोणाचा जीव जात नाहीं. तीन महिने साखरेवर खर्च केले तर दांताबरोबर मूत्रपिंड आणि डोळेहि वांचतात.

दुसरा अडथळा तंबाखूचा, आणि तो मात्र सर्वस्वीं स्वतःच्या हातचा. तंबाखूंतील निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करतें. धूम्रपान असेल तर धुरांतला कार्बन मोनॉक्साइड वायु रक्तांतील प्राणवायूची जागा अडवितो. म्हणजे मजूर येण्याची वाटहि अरुंद आणि येणारा मजूर उपाशी. धूम्रपान करणाऱ्यांच्या तोंडांत स्क्रू निकामी होण्याचें प्रमाण इतरांच्या सुमारें दुप्पट आढळलें आहे. निदान एक आठवडा आधीं आणि आठ आठवडे नंतर सिगारेट सोडली तरी फरक पडतो. कायमची सोडली तर अर्थात् अधिक.

आपल्या देशांत मात्र प्रश्न केवळ धुराचा नाहीं. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणींत १०० प्रौढांपैकीं सुमारें २९ तंबाखूचे सेवन करणारे आढळले, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षां चघळणारे व दांतांना लावणारे दुपटीच्या जवळ होते. महाराष्ट्रांत तर मिश्री लावणें हें कित्येक घरांत व्यसन म्हणून मोजलेंच जात नाहीं. "तंबाखू? छे! मी खात नाहीं, नुसती मिश्री लावतें," असें उत्तर दंतवैद्याला आजहि ऐकावें लागतें. भाजलेली असली तरी मिश्री ही तंबाखूच. आणि ती चोळली जाते नेमकी त्या हिरड्यांवर, जेथें नवें मूळ जगावयाचें असतें. सुपारी आणि गुटखा ह्यांचा परिणाम आणखी निराळा. त्यांनीं गालांच्या आंतील अस्तर हळूहळू ताठर होऊन तोंड उघडेनासें होतें; मग हाड कितीहि उत्तम असलें तरी दंतवैद्याचें हत्यारच दाढेपर्यंत पोंचत नाहीं.

आतां आजींच्या रविवारच्या गोळीकडे वळावें. उतारवयांत, विशेषतः पाळी गेल्यावर स्त्रियांचीं हाडें ठिसूळ होतात, तेव्हां अलेंड्रोनेट किंवा त्या वर्गांतील औषधें देतात. तीं औषधें हाड खरवडणाऱ्या पेशींना आवर घालतात. मणक्याच्या व कमरेच्या हाडांना तें हितकर असतें. पण वाड्याच्या दुरुस्तींत पाडकाम करणारेच घरीं बसले तर पुढचें बांधकामहि अडतें, हें वर सांगितलेल्या क्रमावरून लक्षांत येईल. २००३ सालीं अमेरिकेंतील मायामीचे शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स ह्यांनीं, अशीं औषधें घेणाऱ्या कित्येक रोग्यांच्या जबड्याचें हाड उघडें पडून मरून जात असल्याचें प्रथम जगापुढें मांडलें. त्यांतले बहुतेक कर्करोगाचे रोगी होते आणि त्यांना हीं औषधें शिरेवाटे, मोठ्या प्रमाणांत दिलेलीं होतीं. अशा रोग्यांनीं दंतरोपणाचा विचार न करणेंच इष्ट, ह्याविषयीं आतां फारसा मतभेद नाहीं. आठवड्याला एक गोळी घेणाऱ्या आजींची गोष्ट वेगळी आहे. त्यांना धोका अगदीं थोडा असतो. मात्र गोळी चार वर्षांहून अधिक काळ चालू असली, किंवा जोडीला स्टेरॉइडसारखें औषध असलें, तर तो वाढतो. आणि हें औषध हाडांत वर्षानुवर्षें मुरून राहतें, त्यामुळें गेल्या महिन्यांत बंद केलें असें सांगून भागत नाहीं.

सहा महिन्यांनीं एकदां टोंचून घ्यावयाचें डेनोसुमॅब नांवाचें दुसरें एक औषध आहे. त्याचा परिणामहि त्याच जातीचा. आणि वर्षांतून दोनदां घ्यावयाचें असल्यामुळें सांगावयास विसरण्याचा संभव तर रविवारच्या गोळीहूनहि अधिक. ह्या माहितीनें घाबरून कोणी तें परस्पर बंद करूं लागेल तर मात्र तें आगींतून फुफाट्यांत पडणें होईल. तें एकाएकीं थांबविलें असतां मणके खचल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. दांताचा वैद्य आणि हाडाचा वैद्य ह्यांनीं एकमेकांशीं बोलून वेळ ठरवावी. रोग्यानें फक्त दोघांनाहि दोन्ही गोष्टी सांगाव्या. खुद्द हाडांचा ठिसूळपणा मात्र दंतरोपणाला सहसा आड येत नाहीं, ही गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटेल. पण अनुभव तसा आहे.

कर्करोगासाठीं जबड्यावर किरणोपचार झालेले असतील तर प्रश्न गंभीर होतो. जास्त मात्रेच्या किरणांनीं हाडांतील बारीक रक्तवाहिन्या व पेशी कायमच्या घटतात, आणि वर्षें गेलीं म्हणून त्या परत येत नाहींत. तोंडाच्या कर्करोगाचे रोगी आपल्याकडे पुष्कळ, आणि शस्त्रक्रियेनें जबड्याचा आकार बदलल्यामुळें कवळी न बसणारेहि तेच. म्हणजे ज्याला ह्या दांतांची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच हाडाची शक्ति सर्वांत कमी. तरीहि कर्करोगाच्या मोठ्या इस्पितळांत, किरण कोठें व किती दिले त्याचा नकाशा समोर ठेवून, अशा रोग्यांनाहि दांत बसवितात. हें काम कोपऱ्यावरच्या दवाखान्याचें नव्हे.

हृदयविकाराच्या बाबतींत लोक दोन वेगळे प्रश्न एकत्र करतात. रोग्याला शस्त्रक्रिया सोसेल का हा एक, आणि हाड स्क्रूला धरील का हा दुसरा. रक्तदाब किंवा जुना हृदयविकार ह्यांनीं हाडाचें फारसें बिघडत नाहीं. काळजी घ्यावयाची ती रोग्याची. झटका येऊन सहा महिने झालेले नसतील तर थांबतात. हृदयांत कृत्रिम झडप असेल तर जंतु रक्तांत जाऊन तिच्यावर बसूं नयेत म्हणून आधीं तासभर प्रतिजैविक औषध देतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या पुष्कळ लोक शेजाऱ्याच्या सल्ल्यानें दोन दिवस आधीं बंद करून येतात. हिरडींतून होणारा रक्तस्राव दाबून थांबवितां येतो; हृदयांतील बंद पडलेली वाहिनी तशी उघडतां येत नाहीं. जठरांतील आम्ल कमी करणाऱ्या आणि मनाच्या खिन्नतेवरच्या कांहीं गोळ्यांविषयींहि अलीकडे शंका घेतली गेली आहे. पण तो केवळ आकड्यांचा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलें नाहीं. त्या गोळ्या सांगाव्या, सोडूं मात्र नयेत.

वय हा अडथळा नव्हे. ऐंशी वर्षांच्या धडधाकट आजोबांचें हाड स्क्रूला बिनतक्रार धरतें. उलट पंधरा वर्षांच्या मुलाचा पुढचा दांत सायकलीवरून पडून गेला असतां आईबाप लगेच नवा बसवा म्हणून आग्रह धरतात, तेव्हां नाहीं म्हणावें लागतें. कारण जबडा वाढत असतो, शेजारचे दांत त्याच्याबरोबर सरकतात, आणि धातूचें मूळ जेथल्या तेथें राहून कांहीं वर्षांनीं तो दांत आंखूड दिसूं लागतो.

शेवटीं हिरड्यांचा रोग. ज्या जंतूंनीं मूळचे दांत गेले, ते तोंडांतच असतात. आणि नव्या दांताला कीड लागत नसली तरी त्याच्या भोंवतालची हिरडी सुजून हाड झिजूं शकतें. खऱ्या दांताला हिरडीचे तंतु आडवे रुतून धरतात. धातूच्या मुळाला ते नुसते वेढून असतात, म्हणून जंतूंना खालीं उतरणें सोपें जातें. शिवाय हें बहुधा दुखत नाहीं. पायोरियानें दांत गेलेल्या माणसानें नवे दांत बसविण्यापूर्वीं हिरड्या बऱ्या करून घेणें, आणि नंतर दर सहा महिन्यांनीं दाखवून येणें, हें स्क्रूच्या हमीपत्रापेक्षां अधिक कामाचें.

आजी खुर्चीवरून उठूं लागल्या तेव्हां सूनबाईला आठवण झाली. "अहो आई, ती रविवारची गोळी सांगितलीत का?" दंतवैद्यांनीं मिटलेली वही पुन्हां उघडली. गोळी किती वर्षें चालू आहे? दिवाळीला तीन होतील. कधीं इंजेक्शन? नाहीं. स्टेरॉइड? नाहीं. त्यांनीं आजींच्या नेहमींच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, आणि चार दिवसांनीं उत्तर आलें: गोळीची अडचण नाहीं, ती तशीच चालू ठेवावी, परंतु एचबीए१सी ८.६ आहे. आजींनीं जी गोष्ट सांगितली नव्हती तिनें कांहीं अडलें नाहीं. जी त्यांनीं सहज सांगून टाकली होती, तिच्यावर काम तीन महिने पुढें गेलें. तोंपर्यंत हिरड्यांची सफाई, आणि रात्रीच्या जेवणानंतरचा आंब्याचा साखरांबा बंद. तीन महिने साखरेचे आणि तीन हाडाचे, म्हणजे हुरड्याच्या दिवसांत दांत होईल, असा हिशेब आजींनीं बोटांवर केला. आणि सूनबाईनें तिन्ही गोळ्यांचीं नांवें एका कागदावर लिहून तो आजींच्या बटव्यांत ठेवला.